गच्चीवरचे ऊन आणि शासनाचे अनुदान

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी साहित्य, संगीत आणि इतिहास अशा रसाळ विषयांवरील व्याख्याने आपण ऐकलीत. माझ्या वाट्याला आलेला विषय त्यामानाने रुक्ष आहे. घरावर वा दुकानावर सौरपट्ट्या बसवणाऱ्यास शासन कोणते आर्थिक साहाय्य देते, आणि ते घ्यावे की न घ्यावे, याविषयी मी बोलणार आहे. मी केंद्र शासनाच्या सेवेत असलो तरी माझ्या खात्याचा विजेशी काडीचा संबंध नाही. तेव्हा माझे बोलणे अधिकाऱ्याचे न मानता एका घरमालकाचे मानावे. तेही एक-तृतीयांश घरमालकाचे! ‘एक-तृतीयांश’ का, ते ओघात येईलच.

आपण ज्या परिसरात जमलो आहोत तेथून कमानिया गेट हाकेच्या अंतरावर आहे. मार्च १९३९ मध्ये त्रिपुरी येथे काँग्रेसचे बावन्नावे अधिवेशन भरले, त्याची स्मृती म्हणून ही कमान उभी राहिली, हे येथील शाळकरी मुलासही ठाऊक असते. त्या अधिवेशनाचे अध्यक्ष सुभाषबाबू तापाने फणफणलेले होते, हेही आपण जाणता. परंतु त्याच सुभाषबाबूंनी आदल्या वर्षी, म्हणजे १९३८ साली, राष्ट्रीय नियोजन समिती स्थापन केली होती, पंडित नेहरू तिचे अध्यक्ष होते, आणि देशाची शक्ती व इंधन हा तिच्या विचाराचा एक विषय होता, याची आठवण सहसा निघत नाही. स्वातंत्र्याच्या आधी नऊ वर्षे या देशाची धुरीण मंडळी विजेचा विचार करीत होती. कमानीखालून भाजीची पिशवी घेऊन जाताना मला हे अलीकडे आठवू लागले आहे.

पुढे आपल्या या शहरात राज्य विद्युत मंडळाचे मुख्यालय आले, आणि आजही पूर्व क्षेत्र विद्युत वितरण कंपनीचा कारभार येथूनच चालतो. सारांश, वीज हा जबलपूरकरांच्या घरचा विषय आहे.

सौरऊर्जेला शासनाने पैसा देण्याची कल्पनाही नवी नाही. १९८१ साली केंद्र शासनाने अतिरिक्त ऊर्जास्रोत आयोग नेमला, १९८२ साली अपारंपरिक ऊर्जेचे स्वतंत्र खाते झाले, आणि १९९२ साली त्या खात्याचे मंत्रालय झाले. त्या दशकात पेटीच्या आकाराच्या सौरचुलीवर अनुदान मिळत असे. आमच्या घरी तशी एक चूल आली होती. आई सकाळी दहा वाजता काळ्या डब्यांत डाळ-तांदूळ घालून ती गच्चीवर ठेवी, आणि आरशाचे तोंड सूर्याकडे वळवण्याचे काम शाळेला सुटी असलेल्या आम्हा भावंडांकडे असे. शिजलेले वरण चवीला उत्तम लागे. परंतु एके दिवशी माकडांनी आरसा फोडला. नवा आरसा कोठे मिळेल हे विक्रेत्यालाही सांगता येईना. चूल माळ्यावर गेली ती गेलीच. अनुदान वस्तूच्या खरेदीवर होते, ती चालू राहण्यावर नव्हते. मी जे पुढे सांगणार आहे त्याचे मर्म या फुटक्या आरशात आहे, असे म्हटले तरी चालेल.

आता आजच्या योजनेकडे वळू. १९९० साली जर्मनीने एक हजार छपरांचा आणि १९९९ साली एक लाख छपरांचा कार्यक्रम आखला. जपानने १९९४ पासून घरगुती संयंत्रांना अनुदान दिले. आपल्याकडे राष्ट्रीय सौर अभियान जानेवारी २०१० मध्ये सुरू झाले. २०१९ पासून घरगुती संयंत्राच्या पहिल्या तीन किलोवॅटना किमतीच्या ४० टक्के अनुदान मिळू लागले. त्यानंतर फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘प्रधानमंत्री सूर्यघर : मुफ्त बिजली योजना’ आली. एक कोटी घरे हे तिचे उद्दिष्ट, ७५,०२१ कोटी रुपये ही तिची तरतूद, आणि आर्थिक वर्ष २०२६-२७ ची अखेर ही तिची मंजूर मुदत. मार्च २०२५ पर्यंत दहा लाख घरांवर संयंत्रे बसली होती.

या योजनेचे गणित सोपे आहे. पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्यास १८,००० रुपये. एकूण ७८,००० रुपये. त्यापुढे कितीही मोठे संयंत्र बसवा, अनुदान तेवढेच. गृहनिर्माण संस्थांच्या सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये मिळतात. रक्कम विक्रेत्याला न मिळता, संयंत्र सुरू होऊन वीज कंपनीची तपासणी झाल्यावर थेट ग्राहकाच्या बँकखात्यात जमा होते. पट्ट्या भारतीय बनावटीच्याच असाव्या लागतात, आणि पाच वर्षांची देखभाल विक्रेत्याने करावयाची असते. ही शेवटची अट मला सर्वांत मोलाची वाटते. माळ्यावरच्या सौरचुलीपासून शासन काही शिकले, याचा तो पुरावा आहे.

आता कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडू. एक किलोवॅटच्या संयंत्रास छपराची सुमारे शंभर चौरस फूट मोकळी जागा लागते, आणि ते वर्षाच्या सरासरीने दररोज चार युनिटांच्या आसपास वीज देते. एका कुटुंबाचा वापर महिना ३०० युनिट आहे असे समजा. तीन किलोवॅटचे संयंत्र १,८०,००० रुपयांना पडले आणि ७८,००० परत मिळाले, तर पदरचे १,०२,००० गेले. युनिटला सात रुपये धरले तर वर्षाला २५,२०० रुपये वाचतात. म्हणजे चार वर्षांत मुद्दल वसूल. अनुदान नसते तर सात वर्षे लागली असती. पट्ट्यांचे आयुष्य पंचवीस वर्षे मानतात; मधे एकदा इन्व्हर्टर बदलावा लागेल असे धरून चालावे. तरीही व्यवहार फायद्याचा आहे, अनुदानासह आणि अनुदानाविनाही.

परंतु हेच गणित सर्वांना लागू नाही, आणि येथे मला आपले लक्ष वेधावयाचे आहे. आपल्या राज्यात महिना १५० युनिटांपर्यंत वापर असणाऱ्यास अटल गृह ज्योती योजनेखाली पहिली १०० युनिटे १०० रुपयांत देण्याची व्यवस्था गेली काही वर्षे आहे. ज्याचा वापर १२० युनिट आहे त्याचे बिल सव्वादोनशे रुपयांच्या आसपास येते, असे धरू. त्याने ६५,००० रुपयांचे एक किलोवॅटचे संयंत्र बसवले आणि ३०,००० परत मिळाले, तरी पदरचे ३५,००० वसूल व्हावयास तेरा वर्षे लागतील. अशा माणसाला ‘सूर्यघर कर, वीज फुकट मिळेल’ असे सांगणे म्हणजे त्याची दिशाभूल करणे होय. एक शासन त्याची वीज स्वस्त करते, दुसरे शासन त्याला वीज स्वतः निर्माण करावयास सांगते. हेतू दोन्ही चांगले, पण एकमेकांच्या वाटेत येणारे. शेजारच्या उत्तर प्रदेशाने केंद्राच्या अनुदानात किलोवॅटमागे १५,००० आणि जास्तीत जास्त ३०,००० रुपयांची स्वतःची भर घातली. लहान ग्राहकासाठी असा काही मार्ग निघाल्यावाचून त्याचे छपर मोकळेच राहील.

सराफ्यातील एक दुकानदार माझे जुने स्नेही. ते मला म्हणाले, “साहब, घरवालों को तो मिल गया, हमको क्या मिलेगा?” प्रश्न रास्त होता. दुकानाला हे अनुदान नाही. व्यापाऱ्याला मिळते ती घसाऱ्याची सवलत. सौरसंयंत्रावर पूर्वी वर्षाला ८० टक्के घसारा मिळे. १ एप्रिल २०१७ पासून तो ४० टक्के झाला. पाच लाखांचे संयंत्र बसवले तर पहिल्या वर्षी दोन लाख रुपये उत्पन्नातून वजा होतात, आणि कराचा दर तीस टक्के असल्यास साठ हजारांचा कर वाचतो. संयंत्र त्या वर्षी १८० दिवसांपेक्षा कमी वापरले गेले तर घसारा निम्माच मिळतो. म्हणून दिवाळीनंतर बसवण्यापेक्षा पावसाळ्याआधी बसवलेले बरे. परंतु जो लहान दुकानदार उलाढालीच्या ठराविक टक्क्यांवर अनुमानित उत्पन्न दाखवून कर भरतो, त्याच्या बाबतीत घसारा त्या अनुमानातच धरलेला असतो; त्याला वेगळे काही मिळत नाही. म्हणजे मोठ्या पेढीला सवलत आहे, गल्लीतल्या बांगडीवाल्याला नाही. त्याला दिलासा इतकाच की २२ सप्टेंबर २०२५ पासून सौरपट्ट्यांवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. मात्र दुकानाच्या विजेचा दर घरापेक्षा चढा असतो आणि दुकान उन्हाच्या वेळीच उघडे असते, त्यामुळे अनुदानावाचूनही त्याचे गणित पुष्कळदा जुळते. हे ऐकून माझे स्नेही हसले आणि म्हणाले की ज्याच्या माथ्यावर तीन मजली इमारत आहे त्या दुकानाला ऊन मिळणार कोठून?

हाच तर कमानिया गेटच्या परिसराचा खरा प्रश्न आहे. येथे घरे भिंतीला भिंत लावून उभी आहेत. एका गच्चीचे मालक चार, आणि तिच्याखाली राहणारे भाडेकरू सहा. ज्याला छपर आहे त्याला अनुदान आहे. ज्याला डोक्यावर छपर आहे पण ते दुसऱ्याचे आहे, त्याला नाही. दूरच्या एखाद्या संयंत्रातील वाटा आपल्या बिलात वळता करून घेण्याची पद्धत दिल्लीने २०१९ मध्ये स्वीकारली. जुन्या दाट वस्तीला तशीच काही सोय लागेल.

आता त्या ‘एक-तृतीयांशा’कडे येतो. आमचे वडिलोपार्जित घर याच भागातील एका गल्लीत आहे. तळमजल्यावर दादा-वहिनी, वर आम्ही, आणि धाकटा भाऊ नोकरीनिमित्त नागपुरास. योजना जाहीर झाली तेव्हा मी उत्साहाने अर्ज भरावयास बसलो, आणि पहिल्याच रकान्याशी अडलो. वीजजोडणी अर्जदाराच्या नावावर हवी. आमची जोडणी वडिलांच्या नावावर होती. वडील जाऊन सोळा वर्षे झाली होती. आई असेपर्यंत बिलावरचे नाव बदलण्याचा विषय कोणी काढला नाही. दर महिन्याला त्यांच्या नावाचा कागद दारात पडे, आणि ती तो वाचून नीट घडी घालून ठेवी. तिच्यामागेही तो क्रम तसाच चालू राहिला.

नाव बदलावयाचे तर वारसांची संमती हवी, आणि संमती म्हटली की ज्या गोष्टी सोळा वर्षे कोणी बोलले नव्हते त्या बोलाव्या लागणार होत्या. गच्ची कोणाची? दादांचे म्हणणे असे की एकदा लोखंड रोवले की तो कब्जा झाला, उद्या मुले भांडतील. मी दुखावलो; मी अनुदानाचे बोलत होतो आणि दादांना वाटणी ऐकू येत होती. आज वाटते की त्यांचेच बरोबर होते. पंचवीस वर्षे टिकणारी वस्तू सामायिक छपरावर ठेवावयाची तर पंचवीस वर्षांचा विचार करावा लागतो. चार महिने आम्ही त्या विषयावर बोललो नाही, आणि जेवणाच्या ताटावर इतर विषयांवरही जरा कमीच बोललो.

कोंडी फोडली ती वहिनींनी. त्यांचा आक्षेप निराळाच होता. “ते वीज वगैरे सगळं ठीक आहे, भावोजी,” त्या म्हणाल्या, “पण कुरडया वाळवायच्या कुठं? आणि ते आधी लिहून का घेत नाही तिघं?” दुसऱ्याच आठवड्यात धाकटा नागपूरहून आला. संयंत्रामुळे गच्चीवर कोणाचाही वेगळा हक्क निर्माण होत नाही, खर्च तिघांचा, बचत घरखर्चात, आणि घर विकले वा पाडले तर संयंत्राची किंमत तिघांत, असा साधा करार लिहिला. जोडणी दादांच्या नावावर झाली, ज्येष्ठ म्हणून. वहिनींच्या कुरडयांसाठी सांगाडा आठ फूट उंच घेतला. त्या उंचीचा जादा खर्च अनुदानात येत नाही, तो आम्ही सोसला.

त्या खटाटोपात काही धडे मिळाले, ते थोडक्यात सांगतो. आलेल्या पहिल्या विक्रेत्याने आम्हाला पाच किलोवॅटचा आग्रह केला. अनुदान तिनावर थांबते हे त्याने सांगितले नाही. म्हणून आधी आपली बारा महिन्यांची बिले समोर ठेवावीत आणि मग संयंत्राचा आकार ठरवावा. दुसरे, पट्ट्या दक्षिणेकडे तोंड करून, आपल्या अक्षांशाइतक्या, म्हणजे येथे सुमारे तेवीस अंश, कलत्या असाव्यात. आणि हिवाळ्यात दुपारी तीन वाजता शेजारच्या इमारतीची सावली कोठवर येते ते स्वतः उभे राहून पाहावे. तिसरे, जाळ्याशी जोडलेले साधे संयंत्र वीज गेली की बंद पडते. लोकांना ही फसवणूक वाटते. पण तारांवर काम करणाऱ्या कामगारास आपल्या छपरावरची वीज लागू नये म्हणूनच ती व्यवस्था आहे. अंधारातही वीज हवी असल्यास बॅटरी हवी, आणि तिचा खर्च निराळा. चौथे, ‘शून्य बिल’ या शब्दावर भाळू नये. स्थिर आकार द्यावाच लागतो, आणि वर्षअखेरीस उरलेल्या युनिटांचा मोबदला आपल्या खरेदीदराने मिळत नाही. पाचवे, कर्ज घ्यावयाचे तर तीन किलोवॅटपर्यंत तारणाविना, रेपो दराहून अर्धा टक्का अधिक अशा व्याजाने देण्याची तरतूद योजनेतच आहे. विक्रेत्याने सुचवलेल्या चढ्या व्याजाच्या कर्जाकडे वळण्यापूर्वी बँकेत चौकशी करावी. आणि दहा किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला तांत्रिक व्यवहार्यतेच्या अहवालाची अट २०२४ च्या नियमांनी काढून टाकली आहे, हे ठाऊक असावे.

कोणी विचारील की जनतेच्या पैशातून घरमालकांना का म्हणून द्यावे? हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. मोठा ग्राहक जो चढा दर देतो त्यातून गरिबाच्या स्वस्त विजेचा भार काही अंशी उचलला जातो. असे ग्राहक एकामागून एक आपली वीज स्वतः करू लागले, तर वीज कंपनीचे उत्पन्न घटेल आणि तो भार उरलेल्यांवर पडेल. उलट बाजूस, दुपारची वीज जेथे लागते तेथेच निर्माण झाली तर दूरवरून तारांतून आणताना होणारी गळती वाचते, आणि कोळसाही वाचतो. आपल्याच राज्यातील रीवा येथील ७५० मेगावॅटच्या प्रकल्पात २०१७ साली पहिल्या वर्षासाठी युनिटला २ रुपये ९७ पैसे असा दर आला. इतकी स्वस्त वीज मोठ्या प्रकल्पातून मिळते, मग छपरांवर खर्च का, असेही म्हणता येईल. माझे मत असे की अनुदान हे मुलाला चालावयास शिकवताना धरलेल्या बोटासारखे असावे. वेळेवर धरावे आणि वेळेवर सोडावे. अमेरिकेने घरगुती सौरसंयंत्रावरील तीस टक्के करसवलत २०२५ च्या अखेरीस बंद केली. आपल्याकडचे अनुदानही चिरंतन नाही. म्हणून घ्यावयाचे तर समजून घ्यावे, आणि ते नसतानाही जो व्यवहार पटेल तोच करावा.

शेवटी मंडळाविषयी दोन शब्द. आपली ही वास्तू निवासी नसल्याने घरगुती अनुदान तिला मिळणार नाही, आणि आपण नफा मिळवीत नसल्याने घसाऱ्याचाही उपयोग नाही. तरीही तिच्या गच्चीवर दिवसभर ऊन पडते, आणि शेजारी कोणी मजला चढवलेला नाही. सुवर्णमहोत्सवी निधीतून काही रक्कम याकामी लावावी अशी माझी नम्र सूचना आहे. माझा अल्प वाटा मी कोषाध्यक्षांकडे देत आहे. दुसरी सूचना बिनखर्चाची आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरची बिले आजही दिवंगत वडीलधाऱ्यांच्या नावे येतात. संमतिपत्रे, नावातील बदल आणि अर्ज यांत मदत करण्यासाठी मंडळाने महिन्यातून एक रविवार ठेवावा. मी दर खेपेस येऊन बसेन.

आमचे अनुदान काही आठवड्यांनी दादांच्या खात्यात जमा झाले. त्यांनी त्याच संध्याकाळी तिघांचे हिस्से पैशापर्यंत मोजून दिले. पहिले नवे बिल आले तेव्हा त्यावरचा आकडा पाहण्याआधी आम्ही दोघांनीही त्यावरचे नाव पाहिले. दादा क्षणभर गप्प राहिले. मग त्यांनी तो कागद आईसारखीच घडी घालून जुन्या बिलांवर ठेवला आणि म्हणाले, “चल, वर जाऊन पट्ट्या पुसून घेऊ. धूळ बसली असेल.”